डिसेंबरातली जास्तीची पिढी

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं नाव विदर्भ-मराठवाड्यात शाळकरी पोरंही घेतात, पण तिचा पतंग ओळखणारे थोडेच. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, करड्या-तपकिरी रंगाचा हा जीव दिवसभर जमिनीच्या भेगांत नाहीतर पालापाचोळ्यात दडून बसतो. मध्यरात्र उलटली की मादी शरीरातून गंध सोडते आणि त्या मागावर नर येतात. मीलनानंतर पात्या (न उमललेल्या कळ्या), फुलं आणि कोवळ्या बोंडांवर ती सुटी किंवा लहान पुंजक्यांत अंडी घालते. एकूण साधारण १०० ते २००.

हा आकडा पतंगांच्या जगात काही डोळे दिपवणारा नाही. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीची मादी हजाराच्या वर अंडी घालते. बोंडअळीची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. चार-पाच दिवसांत अंडं फुटतं आणि धाग्याएवढी अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते. तिनं पाडलेलं छिद्रही पुढे बुजून जातं. आत सरकी खात बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, आणि अळ्या खाणारे ढालकिडे-कोळीही नाहीत. फुलात शिरली तर ती पाकळ्या रेशमी धाग्यानं बांधून घेते. तीच डोमकळी. बाहेरून सगळं पीक हिरवंगार दिसतं. बोंड फोडल्यावर कवडी झालेला, म्हणजे घट्ट आणि डागाळलेला, कापूस हाती येतो. दोनेक आठवड्यांत अळी पूर्ण वाढते (गुलाबी रंग या शेवटच्या अवस्थेतला), मग आठवडा-दहा दिवस कोषात. अंड्यापासून पतंगापर्यंत, हवा उबदार असेल तर, महिनाभर.

आता जरा हिशेब करू. समजा एका मादीच्या दीडशे अंड्यांतून फक्त १० पतंग जगले आणि त्यांत ५ माद्या निघाल्या. ऑगस्टमध्ये एक मादी असेल तर सप्टेंबरात ५, ऑक्टोबरात २५, नोव्हेंबरात १२५ आणि डिसेंबरात ६२५. आधीच्या चारही पिढ्यांची बेरीज भरते १५६; शेवटची एकटीच तिच्या चौपट. प्रत्यक्ष शेतात गणित इतकं सरळ नसतं, थंडीनं वाढ मंदावते, बोंडंही संपत येतात. पण चक्रवाढीचा नियम तोच. म्हणून किती अंडी घातली यापेक्षा हंगामात किती पिढ्या बसल्या, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आणि ती जास्तीची पिढी आपणच बसवतो. जूनमध्ये पेरलेला कापूस डिसेंबरअखेर आवरता येतो. पण पाण्याची सोय असली की पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी ठेवून फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड (त्याच झाडांवरचं पुढचं पीक) घेतली जाते. बियाण्याच्या खर्चाशिवाय चार पैसे मिळत असतील तर शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं नाही. अळीला मात्र ऐन वाढलेल्या संख्येला पुरेल एवढं अन्न मिळतं.

दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की उशिराच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या कोषात जातच नाहीत. दोन सरक्या धाग्यानं एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत त्या महिनोन्‌महिने निपचित राहतात. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) गेलेल्या कापसात आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांवर राहिलेल्या बोंडांत त्यांचा मुक्काम असतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पतंग बाहेर पडतात. पतंगाचं आयुष्य एक-दोन आठवड्यांचं. तेवढ्यात शेतात पाती-फुलं नसली तर त्याचा वंश तिथेच खुंटतो. एप्रिल-मेमध्ये लावलेला बागायती कापूस नेमका या वेळी पात्यांवर येतो. हंगामपूर्व लागवड करू नका असं कृषी विभाग सांगतो, त्यामागचं कारण हे.

बीटी कापसानं, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेल्या कापसानं, हा प्रश्न मिटायला हवा होता. भारतात एका जनुकाचा बीटी २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. २०१० मध्ये गुजरातेतल्या अळ्या पहिल्या विषाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं, २०१५ च्या सुमारास दुसरंही निष्प्रभ ठरू लागलं आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडअळीनं हाहाकार केला. यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपल्याकडे बीटी जवळजवळ सगळा संकरित वाणांत आला. संकरित झाडात प्रत्येक बीटी जनुकाची सहसा एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्या सारख्या निघत नाहीत. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या हिशेबानं १६ पैकी ९ सरक्यांत दोन्ही जनुकं, ६ मध्ये एकच, एकीत एकही नाही. अळी खाते ती सरकीच. थोडं विष पचवू शकणाऱ्या अळ्यांची निवड करायला याहून सोयीची जागा कोणती? त्यात विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकून राहाव्यात म्हणून लावायच्या बिगर-बीटी कपाशीच्या कडेच्या ओळी बहुतेकांनी लावल्याच नाहीत.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात बीटी कापूस सरळ (संकरित नसलेल्या) वाणांत होता, म्हणजे प्रत्येक सरकी विषारी. तिथे २००६ पासून किरणोत्सर्गानं वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानातून सोडले गेले. रानातल्या पतंगांचं मीलन त्यांच्याशी झालं की पिल्लं निपजत नाहीत. हंगाम संपताच पऱ्हाट्याही गाडल्या जात. २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

लाखो छोट्या तुकड्यांत विभागलेल्या आपल्या कापसावर तो खर्च झेपणारा नाही. आपल्या हातात कामगंध सापळे आहेत. मादीच्या गंधाची नक्कल ठेवलेल्या या सापळ्यांत नर अडकतात, आणि दिसत नसलेल्या किडीची मोजदाद होते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री सरासरी ८ पतंग आले, किंवा तपासलेल्या फुला-बोंडांपैकी १० टक्क्यांत अळी सापडली, की उपाय करायची वेळ झाली असं समजतात. सापळे शेताइतकेच जिनिंगच्या आवारातही लावावे लागतात. हंगाम संपल्यावर निपचित अळ्यांचा साठा तिथल्या सरकीत असतो.