सोमालिया: फौजांच्या रेशनचा आणि पगाराचा इतिहास

१ जानेवारी २०२५ पासून सोमालियात आफ्रिकन युनियनची नवी शांतिमोहीम सुरू झाली. २००७ पासूनची ही तिसरी. नाव बदललं, पण सैनिक बहुतेक त्याच देशांचे: युगांडा, केनिया, इथिओपिया. अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाशी लढायचं कसं यापेक्षा या मोहिमेचा खर्च उचलायचा कुणी, यावरच जास्त खल झाला. हा प्रश्न जुना आहे, आणि त्यापायी माणसं मेली आहेत.

ब्रिटिश आणि इटालियन ताब्यातले दोन प्रदेश १९६० मध्ये एकत्र येऊन सोमालिया झाला. नऊ वर्षांत लष्करप्रमुख सियाद बार्रे यांनी सत्ता बळकावली. १९७७ मध्ये त्यांनी इथिओपियातल्या ओगादेनवर चढाई केली, तेव्हा सोव्हिएत संघ इथिओपियाच्या बाजूला गेला आणि बार्रे अमेरिकेच्या आश्रयाला. या खेळात दोन्हीकडून आलेली शस्त्रं देशातच राहिली. १९८८ मध्ये बंड मोडायला बार्रे यांनी उत्तरेतल्या हर्गेसा शहरावर बॉम्ब टाकले. विमानं हर्गेसाच्याच विमानतळावरून उडायची, गावातल्या घरांवर बॉम्ब टाकायची आणि पुन्हा तिथेच उतरायची. आज त्या शहरात एका चौथऱ्यावर मिग विमान स्मारक म्हणून उभं आहे. जानेवारी १९९१ मध्ये बार्रे पळाले आणि राजधानी मोगादिशू टोळीप्रमुखांनी वाटून घेतलं.

१९९२ च्या दुष्काळात धान्याचे ट्रक लुटले जाऊ लागले, म्हणून आधी अमेरिकेची आणि मग संयुक्त राष्ट्रांची फौज उतरली. जून १९९३ मध्ये २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले, ऑक्टोबरमध्ये १८ अमेरिकी सैनिक. भारताची ब्रिगेड बैदोआ भागात होती. तिनेही आपली माणसं गमावली. मार्च १९९५ मध्ये शेवटची तुकडी निघाली आणि पुढची बारा वर्षं कुणीही शांतिफौज पाठवायला धजावलं नाही. माझ्या मते सोमालियाचं सर्वात मोठं नुकसान याच काळात झालं. एक अख्खी पिढी शाळेविना, न्यायालयाविना, सरकारविना वाढली.

२००६ मध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने मोगादिशू घेतलं, वर्षअखेरीस इथिओपियाने घुसून ती हुसकावली, आणि तिच्या तरुणांच्या गटातून अल-शबाब फोफावली. मार्च २००७ मध्ये आफ्रिकन युनियनच्या पहिल्या मोहिमेतले युगांडाचे सैनिक आले. मंजुरी ८,००० जणांची होती. पहिल्या दोन वर्षांत निम्मेही आले नाहीत. विमानतळ, बंदर आणि राष्ट्राध्यक्षांचा वाडा एवढंच त्यांच्या हाती.

या सैनिकांचं काय झालं ते पाहा. २००९ मध्ये त्यांच्या पायांवर सूज येऊ लागली, धाप लागू लागली. तपासाअंती निदान झालं: बेरीबेरी. ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा, आपण शाळेत पाठ केलेला रोग. वर्षभरात दोनशेहून अधिक सैनिक आजारी पडले, किमान चौघे दगावले. एका राजधानीचं रक्षण करायला पाठवलेल्या माणसांना जगाने धड जेवण पोहोचवलं नव्हतं! त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी रेशन, पाणी, इंधन, औषधं पुरवण्यासाठी वेगळं कार्यालय उभारलं. एप्रिलमध्ये ब्रसेल्सच्या परिषदेत देणगीदारांनी २० कोटी डॉलरहून जास्त मदतीची आश्वासनं दिली.

जगाला एवढी घाई सुटायला एक कारण समुद्रावर होतं. २००८ पासून एडनच्या आखातात चाचेगिरी वाढली होती. त्याची झळ मुंबईलाही बसली: २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत नौदलाने पकडलेले शंभरावर चाचे इथे आणले गेले, आणि तळोजाच्या तुरुंगात ते वर्षानुवर्षं होते.

पैसा आला, पण वाटणी विषम होती. परदेशी सैनिकामागे महिन्याला १,०२८ डॉलर भत्ता ठरला, तो युरोपीय संघ देई. सोमाली शिपायाचा पगार शंभर डॉलरच्या आसपास, आणि तोही महिनोन्‌महिने हातात पडत नसे. शिपाई पळून जात, बंदूक मोगादिशूच्या बकारा बाजारात विकत. सरकारला मिळालेली शस्त्रं त्या बाजारातून शत्रूकडे पोहोचत. अशा शिपायाला गद्दार म्हणणं सोपं आहे, पण त्याच्याही घरी चूल पेटायची होती.

तरीही ऑगस्ट २०११ मध्ये अल-शबाबने मोगादिशू सोडलं. त्याच वर्षीच्या दुष्काळात अडीच लाखांवर माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. २०१२ मध्ये संघराज्याचं सरकार आलं. नंतर मोहीम २२ हजारांवर वाढली, तुर्कस्तानने मोगादिशूत प्रशिक्षण तळ उघडला. पण युरोपीय संघाने २०१६ पासून भत्त्याचा पाचवा हिस्सा कापला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये राजधानीतल्या एका चौकात ट्रकबॉम्बने पाचशेहून अधिक बळी घेतले.

डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा परिषदेने सोमाली सरकारवरची शस्त्रबंदी उठवली. आफ्रिकन युनियनच्या शांतिमोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंतचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांकडून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या वर्गणीतून देण्याची वाटही मोकळी केली. ती वाट सोमालियासाठी वापरायला अमेरिका राजी नव्हती. २७ डिसेंबर २०२४ रोजी नव्या मोहिमेचा ठराव १४ मतांनी मंजूर झाला, अमेरिका तटस्थ राहिली. पाच दिवसांनी मोहीम सुरू झाली, तेव्हा सैनिकांच्या भत्त्याची सोय झालेली नव्हती.