उशिरा चढणारे विष

रानातली अळंबी खाऊन उलट्या होत असलेला रुग्ण समोर आला, की डॉक्टर आधी वेळेची चौकशी करतात: जेवण किती वाजता झाले आणि त्रास केव्हा सुरू झाला? दोन-तीन तासांतच पोट ढवळू लागले असेल, तर विष बहुधा पोटाच्या दुखण्यापुरतेच राहते. पावसाळ्यात आपल्याकडे गवतावर उगवणारी, हिरवट बीजाणूंची क्लोरोफायलम ही मोठी पांढरी छत्री अशीच माणसाला बेजार करते, पण सलाईन आणि विश्रांतीने तो सहसा सावरतो. सहा तास उलटून गेल्यावर सुरू झालेल्या उलट्या-जुलाबांची मात्र धास्ती घ्यावी लागते. अर्थात एकाच भाजीत दोन जातींची अळंबी मिसळलेली असू शकते, त्यामुळे लवकर उलटी झाली म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही.

या धास्तीचे मुख्य कारण म्हणजे ‘डेथ कॅप’ या नावाने ओळखली जाणारी अमानिटा फॅलॉइडिस. तिच्यातले अल्फा-अमानिटिन हे विष शिजवून, वाळवून किंवा गोठवून नष्ट होत नाही, आणि शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 0.1 मिलिग्रॅम एवढी मात्राही जीवघेणी ठरू शकते. म्हणजे प्रौढ माणसाला एखादी मोठी छत्री पुरते. डीएनएवरून आरएनए तयार करणारे आरएनए पॉलिमरेज-2 या विकराला (एन्झाइमला) हे विष जखडून टाकते, त्यामुळे नवी प्रथिने बनणे थांबते. पेशी लगेच मरत नाही. कोठीतला शिधा संपेपर्यंत चूल पेटती राहावी, तशी ती हाताशी असलेल्या प्रथिनांवर काही तास काम चालू ठेवते. लक्षणांना उशीर होतो तो मुख्यतः यामुळे. यकृतात शिरलेले विष पित्ताबरोबर आतड्यात उतरते, तिथून पुन्हा शोषले जाऊन यकृतात परतते, आणि हा फेरा चालूच राहतो.

सर्वांत फसवा असतो तो दुसरा-तिसरा दिवस. जुलाब थांबतात, रुग्णाला हुशारी वाटते, घरचे लोक सुटीची भाषा करू लागतात. पण त्याच वेळी रक्ततपासणीत यकृताची इजा दाखवणारा एसजीपीटीचा आकडा हजारांत गेलेला असतो आणि रक्त गोठायला लागणारा वेळ वाढत असतो. अशा वेळी रुग्णाला घरी पाठवणे ही गंभीर चूक ठरते, कारण पुढच्या एक-दोन दिवसांत कावीळ, गुंगी आणि यकृताचा संपूर्ण बिघाड संभवतो. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेतही अशीच शांत मधली अवस्था येते, परंतु तिथे पहिल्या आठ तासांत दिलेले एन-ॲसिटाइलसिस्टीन यकृत बहुधा वाचवते. अमानिटिनवर एवढा खात्रीचा उतारा नाही. भरपूर सलाईन, आतड्यातले विष धरून ठेवण्यासाठी पुन्हा पुन्हा दिलेला सक्रिय कोळसा, यकृतपेशींत विषाचा शिरकाव रोखणारे सिलिबिनिन आणि एन-ॲसिटाइलसिस्टीन एवढी साधने हाताशी असतात. ती अपुरी पडली तर यकृत प्रत्यारोपण.

मूळची युरोपातली ही अळंबी लागवडीच्या झाडांच्या मुळांबरोबर कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली. कॅनबेरात 2011 च्या वर्षअखेरीच्या जेवणात ती खाल्लेल्यांपैकी दोघांचा पुढील काही दिवसांत मृत्यू झाला. आग्नेय आणि पूर्व आशियातून आलेले लोक तिला भाताच्या पेंढ्यावर वाढणारी ओळखीची अळंबी समजतात, कारण दोन्हींच्या देठाच्या तळाशी पिशवीसारखे आवरण असते. ही फसगत अडाणीपणाची नव्हे. आपल्या गावी उपयोगी पडणारी पारख तिथे लागू पडत नाही, एवढेच. वारुळावरची अळंबी लहानपणापासून ओळखणाऱ्या कोकणी किंवा गोमंतकीय माणसालाही परदेशातल्या जंगलात हाच धोका आहे. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, किड्यांनी ती खाल्ली आहे का, या कसोट्यांना काहीही आधार नाही.

अळंबी खाऊन एक जण जरी आजारी पडला, तरी त्या पंक्तीला जेवलेल्या सर्वांनी, त्रास नसला तरीही, रुग्णालयात जावे. उरलेली अळंबी किंवा कचऱ्यात टाकलेले देठ प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून कुजू न देता कागदात गुंडाळून सोबत न्यावेत, म्हणजे तळाचे आवरण आणि बीजाणूंचा रंग पाहून तज्ज्ञाला जात ओळखता येते.