बंडीच्या जुवापासून कॉइलओव्हरच्या कॉलरपर्यंत

बंडीत कापूस भरताना जाणता माणूस मधूनच जू हाताने उचलून पाहतो. ओझे मागे गेले की बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर ओढले जाते. पुढे आले की माना दबतात. चार गाठोडी इकडची तिकडे करून तो तोल साधतो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, छकडीत तर हाकणारा कुठे बसतो यावर बरेच काही ठरते. तिथे स्प्रिंग नाही, स्प्रिंगची उसळी जिरवणारा शॉकअप नाही, पण भार कुठे पडतो याची जाण पुरेपूर आहे. रोजच्या वापरातली मोटार ट्रॅकसाठी तयार करताना कॉइलओव्हरच्या, म्हणजे शॉकअपवरच चढवलेल्या स्प्रिंगच्या, उंची बदलणाऱ्या कॉलरला पाना लावून आपण जे करतो, ते याच जाणिवेचे पुढचे रूप आहे असे माझे ठाम मत आहे. मधला प्रवास दोनशे वर्षांचा.

1804 मध्ये ओबादाया इलियटने इंग्लंडमध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, पेटंट घेतले. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यातच उसळी थोडी मरते. घोड्याच्या वेगाला तेवढे पुरत होते, मोटारीच्या वेगाला पुरेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या त्रूफोच्या कल्पनेवर अमेरिकेत हार्टफर्डने चकत्यांचा शॉकअप बनवला. मधला नट आवळला की तो कडक, सैल केला की मऊ. म्हणजे आज आपण ‘ॲडजस्टेबल’ म्हणून ज्याचे कौतुक करतो, ते शॉकअपच्या बालपणापासूनच होते. त्याची अडचण वेगळी होती: लहान खड्ड्यावर चकत्या जागच्या हलतच नसत आणि एकदा हलल्या की पकड सोडत. तेलाच्या शॉकअपचे उलट आहे. तुम्ही त्याला जितक्या वेगाने ढकलाल तितका तो विरोध करतो. म्हणून पुढे तेलच टिकले.

मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरपाशी मात्र थोडे थांबायला हवे. रोल्स-रॉइस सोडून तो अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि 1932 मध्ये त्याने एक मोठी मोटार घेऊन तिच्यावर पुढे-मागे हलवता येतील अशी वजने बसवली. वजन सरकवायचे, गाडी चालवायची, फरक टिपायचा. आपला बंडी भरणारा हेच करतो. ऑलीने त्याचे गणित मांडले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात, हा त्याचा निष्कर्ष. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची बाजू उशिरा झुलायला लागते. ती जरा जलद झुलली तर पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी होडीसारखी डोलत नाही.

पुढे अर्ल मॅकफर्सनने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले. 1950 मध्ये इंग्लंडच्या फोर्डने अशा गाड्या लोकांसमोर आणल्या. आपल्याकडे अँबेसेडर आणि पद्मिनी मागच्या बाजूला पाट्यांवरच धावत राहिल्या. 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हा मॅकफर्सन स्ट्रट गावोगावच्या गॅरेजपर्यंत पोचला. त्याच खांबाला आटे पाडून वर फिरती कॉलर चढवली की झाला कॉइलओव्हर.

कॉलर आली आणि सगळ्यांना गाडी खाली बसवण्याची घाई झाली. मीही त्यात होतो. तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये मूळ स्प्रिंगा कापून घेतल्या; गाडी दिसायला झकास, पण वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली. कारण नंतर उमगले. स्ट्रटची गाडी फार खाली आणली की लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, चाकाकडे जाताना वर चढू लागतो. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू मग गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोहोंतले अंतर वाढले की कलणेही वाढते. शिवाय खड्ड्यावर चाके आपोआप वळायला लागतात. स्प्रिंग कापणे हा नुसता धोका आहे, कोणी करू नये.

देशात ट्रॅकही उशिराच आले. चेन्नईजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती होत. 1990 मध्ये चेन्नईजवळच्याच इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक सुरू झाला, 2011 मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडाचा 5.125 किलोमीटरचा बुद्ध सर्किट. आमच्या वर्ध्याकडून दोन्हीकडे हजारेक किलोमीटर. ज्या गाडीने ट्रॅकवर फिरायचे तीच चालवत जायचे आणि यायचे, आणि घरचा रस्ता काळ्या मातीवरचा. पावसात ती माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचे डांबर लाटांसारखे होते. आम्हाला कॉइलओव्हर हवा तो या दोन जगांसाठी. नुसते खाली बसायला नाही.

बसवताना दोन गोष्टींत कसूर नको. दाबलेली स्प्रिंग तिला धरून ठेवणारा स्प्रिंग-कंप्रेसर लावल्याशिवाय सोडू नये, जिवावर बेतते. आणि सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालते, म्हणून आधी आरटीओत विचारावे आणि मूळ स्ट्रट जपून ठेवावेत.

मग खरे काम. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, अँटी-रोल बारची, म्हणजे गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याची, लिंक सोडायची, चालकाच्या जागी चालकाच्या वजनाचा माणूस बसवायचा. एका कोपऱ्याची कॉलर वर फिरवली की त्या चाकावर आणि तिरक्या समोरच्या चाकावर भार वाढतो. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून निम्मे वजन आले की डावी-उजवी वळणे सारखी लागतात. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडे आत की बाहेर) त्यानंतर. शॉकअप कडक-मऊ करणाऱ्या खटक्याचे क्लिक सर्वांत शेवटी, पूर्ण कडक टोकापासून मोजत, एका फेरीला एकच बदल करून वहीत लिहायचे. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी वळणात नाक बाहेर काढत असेल तर पुढचे आणखी आवळण्याऐवजी मागचे थोडे कडक करून पाहावे.

चेन्नईहून निघताना मी क्लिक पीटमध्येच, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या थांब्यावरच, मोजून मऊ करतो. पांढरकवड्यापर्यंत महामार्ग चांगला आहे. हिंगणघाट सोडून गावाच्या फाट्याला वळलो की पहिल्याच नाल्याशी रस्ता खचलेला असतो, आणि तिथे चाकाला वरखाली जायला पूर्ण जागा लागते.