टॅपेट कव्हर घरी रंगवताय? रंगाचा स्प्रे डबा घेण्याआधी हे वाचा

बॉनेट उघडले की आधी नजरेत भरते ते इंजिनाचे कव्हर. ते घरी रंगवणे अवघड नाही. तरी दर मोसमात कोणी ना कोणी "डबा खराब निघाला" म्हणत दुकानात येतोच. नखाने खरवडले की रंगाचा अख्खा पापुद्रा निघतो आणि खाली बोटाला तेल लागते. कव्हर नीट धुतलेलेच नसते.

आधी कव्हर कशाचे आहे ते बघा. नव्या गाड्यांत वर दिसते ते बहुधा प्लास्टिकचे झाकण असते. त्याला प्लास्टिक प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा खास थर लागतो. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर बोल्टने बसवलेले झाकण, मात्र बहुधा अॅल्युमिनियमचे, नाहीतर पत्र्याचे; काही नव्या गाड्यांत तेही प्लास्टिकचे असते. चुंबक चिकटले तर पत्रा. पत्र्याला रेड ऑक्साइड हा लाल प्रायमर चालतो, अॅल्युमिनियम तो नीट धरत नाही; तिथे वॉश प्रायमरच (गुळगुळीत धातूला धरणारा पातळ प्रायमर) घ्या.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कव्हर खोला आणि उघडे इंजिन लगेच झाका. कुटाराची काडीही आत जायला नको. कव्हर डिझेल आणि ब्रशने घासा, मग निरम्याच्या गरम पाण्याने धुवा. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो अॅल्युमिनियम खातो. जुना रंग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने काढून 400ने हात फिरवा, पुन्हा धुवा. आता वरून साधे पाणी ओता. पाणी सलग पसरले तर कव्हर साफ. थेंब थेंब होऊन तुटले तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा. ही परीक्षा फुकट आहे, पण नेमकी हीच लोक टाळतात. शेवटी थिनरचा फडका मारा. त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका.

कोणी सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने रेती मारून रंग काढणे, सुचवेल. आम्ही नाही म्हणतो. कव्हरच्या आतल्या बाजूच्या पत्र्यामागे रेती अडकते, पुढे ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंग खाते.

"600 डिग्रीवाला द्या" असेही बरेच जण मागतात. तो सायलेन्सरचा रंग. चांगला तापल्याशिवाय तो पक्का होत नाही आणि टॅपेट कव्हर तेवढे तापतच नाही. मग पेट्रोलचा फडका लागला की रंग हातावर येतो. इंजिनासाठीचा, साधारण 150 ते 200 अंश सोसणारा डबा पुरे.

आपल्याकडे दिवाळी ते होळी हा चांगला काळ, दव उडाल्यावर सकाळी. मे महिन्यात दुपारी फवारा कव्हरवर पोचेपर्यंतच वाळतो आणि रंगाचे अंग खरखरीत येते. पावसाळ्यात दमटपणाने रंगावर पांढुरकी झाक चढते. शेजारी तुरीचे थ्रेशर चालू असेल तर त्या दिवशी डबा हातातच घेऊ नका.

पॅकिंग (गॅस्केट) बसते ती कड आणि बोल्टची भोके टेपने झाका. 20-25 सेंटीमीटरवरून पातळ हात मारा; पहिल्या हातात खालचा धातू दिसला तरी चालतो. दोन हातांमध्ये किती थांबायचे ते डब्यावर लिहिलेले असते. रात्रभर सावलीत वाळवा, मग हवे तर उन्हात ठेवा. हे काम मोकळ्या हवेत करा. चूल, बिडी दूर.

रंगाऐवजी पॉलिश हवी असेल तर 600, 800, 1000, 1500, 2000 असा पाण्यासोबत पेपर चढवत जा आणि शेवटी मेटल पॉलिश. दिसते झकास, पण उघडे अॅल्युमिनियम पुन्हा मंद पडते. हौस असेल तरच या वाटेला जा.

बसवताना बोल्ट मधून बाहेर थोडे थोडे आवळा, जोर लावू नका; अॅल्युमिनियमच्या चुड्या (आटे) लगेच जातात. पॅकिंग कडक झाले असेल तर नवे टाका. गळती रंगाने थांबत नाही.

येताना कव्हरचा फोटो आणा. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, सविस्तर बोलायचे तर इतर दिवशी सकाळी या.