शेतकरी आठवडे बाजार

शेतकऱ्यांनी किंवा शेतकरी गटांनी आपला माल अडत्या आणि किरकोळ विक्रेता या दोघांना वगळून शहरातल्या ग्राहकाला थेट विकावा, यासाठी ठरलेल्या वारी ठरलेल्या मोकळ्या जागेत भरणारा बाजार. गावच्या आठवडी बाजाराशी त्याचे नाव जुळते, घडण मात्र जुळत नाही. गावच्या बाजारात भाजीशेजारी बांगड्या, सुके बोंबील, खुरपी-विळे, तयार कपडे असे सगळे मांडलेले असते आणि विकणारा बहुधा फिरता व्यापारी असतो. शहरातल्या या बाजारात शेतमाल आणि त्यापासून केलेले पदार्थ एवढेच असावेत, आणि विकणाऱ्याचे नाव गटाच्या यादीत असावे, अशी अट असते. ही अट किती पाळली जाते, यावर त्या बाजाराची पत ठरते. पुढील वर्णन मुख्यतः पुण्यातल्या बाजारांचे आहे.

पार्श्वभूमी

१९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने महाराष्ट्रात शेतमालाचा घाऊक व्यवहार बाजार समित्यांच्या आवारात आणला. त्यामागचा हेतू उघड लिलाव आणि खरे वजन हा होता. पुढे मात्र पट्टीवर (शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठीवर) अडत म्हणजे अडत्याचे कमिशन, हमाली, तोलाई अशा कपातींच्या ओळी वाढत गेल्या आणि शेतकऱ्याची तक्रार त्या ओळींभोवतीच राहिली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे तो समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली, आणि आवारातली अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. त्याच सुमारास राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान’ राज्यभर पोचले. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या सावता महाराजांचे नाव भाजी बाजाराला देणे ही सरकारी नामकरणांतली एक नेमकी निवड म्हणावी लागेल. अशी व्यवस्था इतर राज्यांत आधीपासून होती: पंजाब-हरियाणात १९८० च्या दशकापासून ‘अपनी मंडी’, तर १९९९ मध्ये आंध्रात ‘रयतू बाजार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संदै’. त्यांतले बरेच बाजार कायम बांधलेल्या ओट्यांवर रोज भरतात. पुण्याचा बाजार फिरता आहे. आज या मैदानावर, उद्या दुसऱ्या उपनगरात.

फिरते असण्याचे कारण शेतातच आहे. भेंडी, गवार, काकडी, दोडका यांची तोडणी एक-दोन दिवसांआड करावीच लागते. नाहीतर भेंडी जून होते, काकडीत बी धरते. आठवड्यात एकच बाजार केला तर तीन तोड्यांपैकी एकच तिथे खपतो आणि उरलेले दोन पुन्हा यार्डाच्या, म्हणजे बाजार समितीच्या आवाराच्या, वाटेने जातात. म्हणून गट आठवड्याला तीन-चार ठिकाणी बसतात. पालेभाजीचे गणित उलटे असते. मेथी साधारण महिन्यात येते आणि एकदा उपटली की वाफा रिकामा होतो. दर आठवड्याला मेथी हवी असेल तर चार-पाच वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरत राहावे लागतात. एकदम अर्धा एकर मेथी टाकून आठवडे बाजाराच्या भरवशावर बसणारा शेतकरी पहिल्याच महिन्यात हात टेकतो.

माल आणि त्याची निगा

पुण्याच्या बाजारात पुरंदरचा वाटाणा, अंजीर व सीताफळ, जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो, खेड-शिरूरचा कांदा-बटाटा, मुळशी-मावळचा इंद्रायणी तांदूळ आणि हवेलीतल्या पालेभाज्या अशी सर्वसाधारण वाटणी दिसते. पावसाळ्यात मावळपट्ट्यातून करटोली, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या येतात, त्याही थोड्या आणि तासाभरात संपणाऱ्या.

दुपारी चारला सुरू होणाऱ्या बाजारासाठी पालेभाजी त्याच दिवशी पहाटे, दव उतरण्याच्या बेताने काढतात. आदल्या संध्याकाळी काढलीच तर जुड्या मुळे खाली करून क्रेटमध्ये उभ्या ठेवायच्या आणि वर ओले गोणपाट टाकायचे. फक्त मुळे भिजवायची, पाने नाहीत. नवखे इथेच चुकतात. ताजी दिसावी म्हणून कोथिंबिरीवर पाणी मारतात आणि गठ्ठे एकावर एक रचतात. दोन तासांत ढीग आतून तापतो. बाहेरच्या जुड्या हिरव्यागार असतात, पण मधली जुडी उघडली की पाने काळपट, चिकट आणि वास उबट. भेंडी तर धुवायचीच नाही, ओली राहिली की तिच्यावर काळे डाग पडतात. यार्डासाठी टोमॅटो लालसर छटा आल्याबरोबर तोडतात, कारण त्याला दोन-तीन दिवसांचा प्रवास आणि चार हात सोसायचे असतात. आठवडे बाजारासाठी तो वेलावर जवळजवळ पिकू देता येतो. इथला टोमॅटो चवीला वेगळा लागतो तो एवढ्याच कारणाने, वाणाने नव्हे.

गाडीत भरताना कांदा-बटाटा, भोपळा खाली, टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट त्यावर आणि पालेभाजी सर्वांत वर, असा क्रम असतो. फ्लॉवरचा जादा पाला शेतातच काढायचा, पण गड्ड्याला चिकटलेली दोन-तीन पाने ठेवायची, म्हणजे घासून डाग पडत नाहीत.

भाव आणि हिशेब

यार्डात पालेभाजीचा भाव शेकड्याने आणि फळभाजीचा दहा किलोने निघतो, आठवडे बाजारात जुडीने आणि किलो-पावशेराने. गट सकाळी यार्डाचा भाव आणि त्या भागातल्या हातगाडीचा भाव पाहून मधला आकडा धरतो आणि फळ्यावर लिहितो. सगळ्या गाळ्यांना तोच भाव. गाळ्यागाळ्यांत भाव पाडण्याची स्पर्धा लागली की नुकसान सगळ्यांचेच.

नफ्याबद्दलचा गैरसमज दूर करण्यासाठी एक काल्पनिक पण व्यवहाराला धरून असलेला हिशेब पाहावा. तीनशे जुड्या कोथिंबीर यार्डात शेकडा ८०० रुपयांनी गेली तर २,४०० रुपये येतात. भाडे वगैरे ४०० गेले की हातात २,०००. तीच कोथिंबीर आठवडे बाजारात १५ रुपये जुडीने नेली तर २४० जुड्यांचे ३,६००, शेवटच्या तासात ४० जुड्यांचे पाच रुपयांप्रमाणे २०० आणि २० जुड्या वाया, म्हणजे एकूण ३,८००. त्यातून टेम्पोचा वाटा ५००, जागा व सफाई १००, दोन माणसांची रोजंदारी ८०० वजा केली की उरतात २,४००. भाव जवळजवळ दुप्पट, पण हातात जादा आले फक्त ४०० रुपये. मध्यस्थ गेला तरी निवडणे, जुड्या बांधणे, उभे राहणे आणि उरलेल्याचा तोटा सोसणे हे त्याचे काम जात नाही, ते शेतकऱ्याच्या घरावर येते. घरच्या माणसांची मजुरी हिशेबात धरली नाही की हा बाजार आहे त्याहून फायद्याचा वाटतो.

मात्र त्याच दोन माणसांनी कोथिंबिरीबरोबर वांगी, लिंबे आणि कांदाही विकला तर मजुरी व भाडे चार मालांवर वाटले जाते. गट लागतो तो यासाठी. आणि यार्डात कोथिंबीर शेकडा २०० वर कोसळली, की तिथे ६०० रुपये येऊन हातात २०० उरतात. इथे भाव दहा रुपयांपर्यंत उतरला तरी वरच्याच विक्रीत खर्च जाऊन १,२०० उरतात. आठवडे बाजाराचा खरा आधार असा पडत्या भावाच्या दिवसांत कळतो.

बाजारातले लोकजीवन

ग्राहक भावासाठी येतो आणि माणसासाठी परततो. महिन्याभरात ‘दादा, मागच्या वेळची काटेरी वांगी आहेत का?’ अशी चौकशी सुरू होते. ‘काकू, पुढच्या बुधवारी दोन किलो ठेवतो’ हे उत्तर म्हणजे मागणीची नोंदच. शहरात आलेले खानदेशी भरताची मोठी हिरवी वांगी मागतात, विदर्भ-मराठवाड्यातले अंबाडी. दोन-चार घरांची मागणी जमली की कुणीतरी बांधावर अंबाडीची ओळ टाकतो.

पंचांग न पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही इथे पंचांग पाहावे लागते. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावाचून उगवलेल्या भाज्यांची आणि अळूची मागणी असते, पितृपक्षात गवार, भेंडी, कारले, लाल भोपळ्याची, भोगीला गाजर, पावटा, ओला हरभरा, वांगी आणि तिळाची. भोगीसाठी सगळे पाव-पाव किलो एकत्र बांधून ठेवणारा गाळा सर्वांत आधी रिकामा होतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी फळे आणि पाच प्रकारची पाने खपतात.

एका कोपऱ्यात बचत गटांच्या भाकरी, चटण्या, पापड, कुरडया असतात. खाद्यपदार्थ विकायला अन्नसुरक्षा नोंदणी लागते. स्त्रिया पाच-सहा तास बसतात आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह नसले तर दिवसभर पाणी टाळतात. जागा ठरवताना पार्किंगचा विचार आधी होतो आणि याचा नंतर, हा उलटा क्रम आहे.

बिघडते कुठे

पहिला धोका तोतया शेतकऱ्याचा. यार्डातून पहाटे उचललेला माल संध्याकाळी ‘थेट शेतातून’ या फलकाखाली बसतो. सात-बारा पाहून गाळा दिला तरी सात-बारा माल पिकवत नाही, म्हणून पीक पाहणीही (शेतात कोणते पीक उभे आहे याची नोंद) तपासावी लागते. ग्राहकाला ओळखण्याची खूण सोपी: एकाच गाळ्यावर हंगामाबाहेरच्या आणि वेगवेगळ्या हवामानातल्या वीस भाज्या, सगळ्या एका आकाराच्या. खऱ्या गाळ्यावर पाच-सहाच माल असतात आणि वाकडी काकडीही असते.

‘सेंद्रिय’ हा शब्दही जपून वाचावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार लहान उत्पादकाला थेट विक्रीसाठी प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण ‘जैविक भारत’ हे चिन्ह त्याला लावता येत नाही. काटा इलेक्ट्रॉनिक असला तरी त्याची वार्षिक पडताळणी व मोहोर बंधनकारक आहे. शिवाय तो सपाट जागी ठेवावा लागतो. मैदानावरच्या डगमगत्या टेबलावर तो दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो आणि भांडण पत्र्यासारखे वाजते.

स्थानिक भाजीवाल्यांचा विरोध, रस्त्यावरची कोंडी आणि महापालिकेच्या परवानगीचे नूतनीकरण या कारणांनी चांगले चाललेले बाजारही अचानक बंद पडतात. जागा बदलली की नेहमीचे गिऱ्हाईक मागोमाग येत नाही, दीड किलोमीटरसुद्धा नाही. २०२० च्या टाळेबंदीत बाजार थांबले तेव्हा अनेक गटांनी चार-पाच किलो मिश्र भाजीच्या पिशव्या सोसायट्यांच्या फाटकावर पोचवल्या. ती पद्धत काही ठिकाणी अजून चालू आहे, पण तिथे ग्राहक निवडू शकत नाही, आणि निवडता न आलेली दुधी दुसऱ्या आठवड्यात मागणी कमी करते.

पैसे बहुतेक फोनवरून येतात. गाळ्यावरचा क्यूआर कोड मुलाच्या खात्याचा असतो आणि मुलगा गावी. पैसे आले की नाही हे विचारायला फोन करावा लागतो, तोवर मागे रांग. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारे आवाजी यंत्र आल्यापासून हा खोळंबा कमी झाला, सुट्यांचा प्रश्नही. रात्री नऊला गाळा उठला की मैदान झाडून द्यायची जबाबदारी गटाची: मुळांची माती, पिवळी पाने, फुटके टोमॅटो पोत्यात भरून त्याच टेम्पोतून परत शेतावर खताच्या खड्ड्यात नेतात, कारण रिकामा टेम्पो तसाही तिकडेच जाणार असतो.