बायोप्सी झाली, मग आता सीटी कशाला?
आमच्या केंद्रात स्कॅनसाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी

गोंदिया, वडसा, पांढुर्णा, यवतमाळ अशा ठिकाणांहून पहाटेची गाडी धरून लोक आमच्याकडे येतात आणि काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारतात. बायोप्सीत कॅन्सर आलाच आहे, ऑपरेशनही ठरले आहे, मग हा वेगळा खर्च कशाला?

गाठ कशाची आहे, हे बायोप्सीवरून कळते. ती कुठपर्यंत पोचली आहे, हे तिच्यावरून कळत नाही. सर्जनला मात्र नेमके तेच हवे असते. जबड्याचे हाड वाचेल की काढावे लागेल? मानेतल्या गाठी एकाच बाजूच्या काढायच्या की दोन्ही बाजूंच्या? फुफ्फुसात काही उतरले असेल, तर एवढे मोठे ऑपरेशन आधी करण्यात अर्थ आहे का? तुमच्या फाइलमध्ये टी, एन आणि एम या अक्षरांपुढे आकडे लिहिलेले दिसतील. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरच्या अवयवांत झालेला प्रसार. स्टेज या तिन्हींवरून ठरते.

म्हणून एक विनंती. ‘सीटी स्कॅन’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी आणू नका. डॉक्टरांना नेमके काय बघायचे आहे, तेही त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या एका ओळीवरून स्कॅन कसा घ्यायचा ते ठरते.

तोंडाचा कॅन्सर

विदर्भात हा विषय निघाला की खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, येतोच. खालचा जबडा आणि गाल यांच्यामधल्या खोबणीत तो तासन्‌तास धरून ठेवतात आणि गाठही बहुधा तिथेच उठते. स्कॅनच्या वेळी तोंड नुसते मिटलेले असले, तर गाल हिरडीला चिकटतो आणि गाठ गालाची की हिरडीची हे चित्रात कळत नाही. यावर उपाय साधा आहे. ओठ घट्ट मिटून, फुगा फुगवताना करतो तसे गाल फुगवायचे आणि स्कॅन होईपर्यंत तसेच धरून ठेवायचे. मध्ये हवा शिरली की दोन्ही भाग वेगळे दिसतात. टेबलावर घेण्याआधी आमचे टेक्निशियन याचा सराव करून घेतात. हसू आले तर हसून घ्या, पण यंत्र सुरू झाल्यावर नको.

खर्‍याने ज्यांचे तोंड उघडेनासे झाले आहे, जेमतेम दोन बोटे जातात, त्यांना सर्जन तरी आतून कसे तपासणार? अशा रुग्णांच्या बाबतीत स्कॅनवरच जास्त भिस्त असते. गाठ मागे सरकून चावण्याच्या स्नायूंमध्ये शिरली आहे का आणि शिरली असेल तर किती वरपर्यंत, हे पाहावे लागते. ती फार वर गेली असेल, तर पूर्ण काढणे अवघड होते आणि डॉक्टर आधी केमोचा विचार करू शकतात.

हाडाचा वरचा कठीण थर सीटीत चांगला दिसतो. हाडाच्या आतला मगज, नसा आणि जीभ यांसाठी एमआरआय बरा. जिभेच्या बाबतीत खोली फार महत्त्वाची असते. वरून 2 सेंटिमीटरपेक्षा लहान दिसणारी गाठ 5 मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल, तर ती ‘टी’च्या पहिल्या गटात राहत नाही, दुसऱ्या गटात जाते. ‘एवढीशी तर आहे’ असे नातेवाईक म्हणतात, ते आरशात दिसते त्यावरून.

नुकताच दात काढला असेल तर आठवणीने सांगा. दाताची रिकामी खाच कॅन्सरने खाल्लेल्या हाडासारखी दिसू शकते. दातांवर धातूच्या टोप्या असल्या तरी सांगा, त्यांच्यामुळे चित्रात पांढरे पट्टे उमटतात.

पेट स्कॅन

पेट-सीटीचे यंत्र आमच्याकडे नाही. तरी रोज विचारणा होते, म्हणून थोडे लिहितो. शिरेतून किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर देतात. जिथे पेशी साखर जास्त ओढतात, तो भाग चित्रात उजळतो. या फ्लोरिनचा जोर दर 110 मिनिटांनी निम्म्यावर येतो, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. किमान सहा तास उपाशी राहावे लागते, साधे पाणी चालते. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचे आधीच विचारून घ्या. इंजेक्शननंतर साधारण तासभर गप्प पडून राहायचे, बोलायचे नाही, काही चघळायचे तर अजिबात नाही. जबडा हलत राहिला की तिथले स्नायू साखर ओढतात आणि गोंधळ होतो. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर अंगावर गरम कपडे हवेत, कारण थंडीने मानेजवळची एक प्रकारची चरबीही उजळते. त्या दिवशी काही तास गरोदर बाई आणि लहान मुले यांच्यापासून लांब राहा.

आणि तो प्रत्येकालाच लागतो असे नाही. स्तनाची गाठ लहान असेल आणि काखेत काही हाताला लागत नसेल, तर सहसा त्याची गरज पडत नाही. ‘मोठा स्कॅन म्हणजे चांगला इलाज’ असे धरून स्वतःहून पैसे घालणारे आम्ही पाहतो, त्यांना आम्ही आधी डॉक्टरांकडे परत पाठवतो. मेंदू मुळातच भरपूर साखर घेतो, त्यामुळे तिथला लहान डाग पेटमध्ये लपून जातो, तिथे एमआरआय लागतो. गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही गाठ आणि कापण्याची कड यांच्यात किती अंतर उरते, हे पाहायला एमआरआयच.

चित्रातला प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो

आपल्याकडे टीबी आहे. टीबीच्या ग्रंथी सीटीत मोठ्या दिसतात आणि पेटमध्ये उजळतातही. किडलेल्या दातामुळेसुद्धा मानेत गाठी येतात. उलट बाजूही आहे. फुफ्फुसातला काही मिलिमीटरचा ठिपका पेटमध्ये उजळेलच असे नाही. म्हणून रिपोर्टमध्ये ‘संशयास्पद’ असा शब्द असेल, तर डॉक्टर त्या गाठीतून सुईने पेशी काढून तपासायला सांगू शकतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने कोणी ती टाळू नये. उपचार ठरवणारे डॉक्टर सांगत असतील, तर ती करून घ्या.

येताना

बायोप्सीचा कागद, आधीच्या फिल्म आणि सीडी, सुरू असलेल्या औषधांची यादी आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा. सीटीसाठी शिरेतून आयोडिनयुक्त औषध देतो. ते जाताना अंगभर ऊब येते, लघवी झाल्यासारखे वाटते, तोंडाला धातूची चव येते. हे मिनिटभरात ओसरते. आधी कधी अशा इंजेक्शनने पुरळ किंवा दम लागला असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू असेल किंवा थायरॉइडचा कॅन्सर असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगा. थायरॉइडचे एवढ्यासाठी, की पुढे उपचार म्हणून रेडिओआयोडिन (किरणोत्सर्गी आयोडिन) द्यायचे ठरले तर या औषधामुळे ते लांबते. एमआरआयला येणाऱ्यांनी पेसमेकर किंवा शरीरातल्या क्लिप असतील तर फोनवरच कळवावे.

मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उपाशी बसणे सोपे नाही. बाहेरगावच्या रुग्णांना आम्ही सकाळचा नंबर देतो, फक्त आदल्या दिवशी मागून घ्या. आतली खोली मात्र थंड असते, चादर असू द्या. आणि खर्रा घरीच ठेवा भाऊ, दरवाजाशी थुंकून आत आलात तरी चित्रात खोबणीतला चुरा दिसतो.

उपचार सरकारी योजनेतून होणार असतील, तर स्कॅनचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, मगच पैसे भरा.

टेक्निशियनला ‘पसरला तर नाही ना?’ विचारू नका. सांगायचे नाही म्हणून नव्हे, शेकडो चित्रे नीट पाहिल्याशिवाय ते आमच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. काही नातेवाईक ‘रिपोर्टवर कॅन्सर शब्द लिहू नका, बाबा वाचतील’ असे म्हणतात. त्यांची तगमग कळते, पण रिपोर्ट बदलून मिळणार नाही. लिफाफा बंद करून देऊ. सर्जनकडे जाताना त्या लिफाफ्यासोबत सीडीही न्या. ते आधी चित्र बघतात, कागद नंतर.