टू-वे की थ्री-वे : एकसारखे दिसणारे दोन सेंटर स्पीकर

होम थिएटर करताना बजेट हमखास एकाच ठिकाणी अडतं. समोरच्या डाव्या-उजव्या टॉवरवर, म्हणजे उभ्या उंच स्पीकरवर, हौसेने दोन-अडीच लाख जातात, मग सगळे स्पीकर चालवणारा रिसीव्हर, खर्जासाठी सबवूफर, भिंतीतून वायर फिरवणं. सेंटरची, म्हणजे टीव्हीखाली बसून संवाद ऐकवणाऱ्या मधल्या स्पीकरची, पाळी येते तेव्हा हातात तीस-पस्तीस हजार उरलेले असतात आणि टॉवरच्याच मालिकेतला सेंटर लाखाच्या घरात असतो. अशा वेळी पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा नाहीतर बाणेरच्या एखाद्या चकचकीत शोरूममध्ये, सल्ला बहुधा एकच मिळतो : त्याच कंपनीचा खालच्या मालिकेतला घ्या, आवाज जुळेल.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. कंपनी तीच असली की ट्वीटरची, म्हणजे बारीक, उंच पट्टीचा आवाज काढणाऱ्या छोट्या ड्रायव्हरची, जात बहुतेक वेळा तीच असते आणि त्याचा फायदा होतो. पण सेंटर कुठल्या रचनेचा आहे हे कंपनीच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि घेताना नेमकं तेच बघायचं राहून जातं.

आडव्या सेंटरचे मुख्य प्रकार दोन. टू-वेमध्ये आवाज दोन पट्ट्यांत वाटलेला असतो : मधोमध ट्वीटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खालचा आवाज काढणारे एकाच मापाचे दोन वूफर असतात. थ्री-वेमध्येही दोन टोकांना दोन वूफर असतात, पण मध्ये मधल्या पट्टीसाठी एक लहान मिडरेंज आणि त्याच्या डोक्यावर ट्वीटर असतो. पुढची जाळी लावलेली असेल तर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. जाळी काढली तरी घाईत बघणाऱ्याला 'मध्ये छोटं, बाजूला मोठं' एवढंच दिसतं. म्हणून जाळी काढायला लावा आणि माहितीपत्रकावर टू-वे लिहिलंय की थ्री-वे, ते वाचा.

वूफर-ट्वीटर-वूफर ही मांडणी मुळात आडवी नव्हतीच. जोसेफ डापोलिटो यांनी १९८३ मध्ये तिच्यावर निबंध सादर केला तेव्हा ती उभी होती : एक वूफर वर, एक खाली, मध्ये ट्वीटर. अशा उभ्या मांडणीत आवाज वर-खाली कमी पसरतो, म्हणजे छत आणि फरशीवरून येणारे परावर्तन कमी होतात, आणि आडव्या दिशेला मात्र तो मोकळा राहतो. सोफ्यावर माणसं शेजारी शेजारी बसतात, एकमेकांच्या डोक्यावर नाही, त्यामुळे उभी मांडणी घराला सोयीची होती. पुढे टीव्हीखाली मावावा म्हणून तोच स्पीकर आडवा केला गेला. आवाजाला पडणारी मर्यादाही त्याच्याबरोबर आडवी झाली आणि नेमकी सोफ्याच्या दिशेने आली.

हे कसं घडतं ते आकड्यांत बघू. टू-वेमधले दोन्ही वूफर ट्वीटरचं काम सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-अडीच हजार हर्ट्‌झपर्यंत, एकच आवाज वाजवतात. तुम्ही बरोबर मध्ये बसला असाल तर दोन्ही वूफर तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असतात आणि दोघांचा आवाज एकाच वेळी पोहोचतो. बाजूला सरकलात की एक वूफर जवळ येतो, दुसरा लांब जातो. लांबच्या लाटेला अर्ध्या तरंगलांबीइतका उशीर झाला, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि त्या पट्टीतला आवाज खाली पडतो.

आता आपल्याकडचा एखादा टू बीएचकेचा हॉल घ्या. टीव्हीपासून तीन जणांचा सोफा नऊ फुटांवर, आणि त्याच्या काटकोनात एल आकाराचा तुकडा किंवा दिवाण. सोफ्याच्या टोकाला बसलेला माणूस मधल्या रेषेपासून सुमारे अडीच फूट बाजूला असतो, म्हणजे साधारण १५ अंशांवर. एलवर बसलेले आई-बाबा पाच फूट बाजूला आणि सात फूट अंतरावर असले, तर कोन जातो ३५ अंशांपर्यंत. सेंटरच्या दोन वूफरच्या मध्यबिंदूंमध्ये ३० सेंटिमीटर धरा आणि ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. ३५ अंशांवर दोन लाटांच्या मार्गात १७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि खड्डा येतो हजार हर्ट्‌झच्या आसपास. १५ अंशांवर तोच फरक पावणेआठ सेंटिमीटर होतो आणि खड्डा सरकतो २२०० हर्ट्‌झकडे.

हजार ते दोन हजारांचा पट्टा बोलण्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. 'इ' आणि 'उ' यांतला फरक कानाला कळतो तो मुख्यतः स्वराच्या दुसऱ्या अनुनादावरून, म्हणजे तोंडाच्या पोकळीत आवाज ज्या पट्ट्यांना जास्त घुमतो त्यांतल्या खालून दुसऱ्या पट्टीवरून. 'उ'चा दुसरा अनुनाद हजाराच्या खाली असतो आणि 'इ'चा दोन हजारांच्या वर. 'प', 'त', 'क' यांच्यापैकी काय उच्चारलं गेलं, हेही त्यांच्यापासून शेजारच्या स्वरात सरकताना याच पट्ट्यात उमटतं. तिथे खड्डा पडला की आवाज बंद होत नाही, भिंतींवरून परतणारा आवाज तो थोडाफार भरूनही काढतो, पण शब्द पुसट होतात. एलवर बसलेलं माणूस म्हणतं, 'काय म्हणाला रे तो?' आपण रिमोट उचलून आवाज वाढवतो, पुढच्याच मिनिटाला गाणं किंवा मारामारी येते आणि तेच माणूस आवाज कमी करायला सांगतं. घरोघरी याचं खापर वयाच्या कानांवर फुटतं. ते दर वेळी खरं नसतं, आणि मला तर ते अन्यायाचं वाटतं. जागा बदलून बसवलं तर त्याच कानांना शब्द स्वच्छ ऐकू येऊ शकतात.

थ्री-वेमध्ये हे काम मधला एकटा मिडरेंज करतो. दोन टोकांचे वूफर बहुतेक चार-पाचशे हर्ट्‌झच्या आसपास हात काढून घेतात. ५०० हर्ट्‌झची तरंगलांबी जवळजवळ ७० सेंटिमीटर असते, त्यामुळे काही सेंटिमीटरच्या फरकाने एवढी लांब लाट पुरती मारली जात नाही. ट्वीटर मिडरेंजच्या डोक्यावर असल्याने त्या दोघांत आडव्या दिशेने भांडण नाही. माहितीपत्रकात क्रॉसओव्हरचे, म्हणजे आवाज एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जिथे सोपवला जातो त्या पट्टीचे, दोन आकडे दिलेले असतात, त्यातला खालचा बघा. तो ८०० असेल तर थ्री-वेचा हा फायदा थोडा कमी होतो. थ्री-वेचाच आणखी एक प्रकार म्हणजे मिडरेंजच्या पोटातच ट्वीटर बसवलेला. केईएफ या ब्रिटिश कंपनीने त्याचं स्वतःचं रूप युनि-क्यू या नावाने १९८८ मध्ये आणलं.

अडचण अशी की चांगला थ्री-वे स्वस्त नसतो. एक ड्रायव्हर जास्त, क्रॉसओव्हरचे भाग जास्त, कॅबिनेट मोठं. तीस-पस्तीस हजारांत हाय-एंड टॉवरच्या शेजारी शोभेल असा नवा थ्री-वे मिळणं कठीण. या बजेटला मी आडवा स्पीकर शोधण्याचा आग्रहच सोडायला सांगेन. तुमच्या टॉवरच्या मालिकेतला, किंवा त्याच ट्वीटरच्या एखाद्या मालिकेतला, एकच बुकशेल्फ, म्हणजे कपाटात मावणारा छोटा स्पीकर, घ्या आणि तो सेंटरच्या जागी उभा ठेवा. त्यात वूफर एकच, ट्वीटर त्याच्या वर, म्हणजे आडव्या दिशेचा प्रश्न मुळातच नाही. शिवाय ट्वीटर टॉवरसारखाच, त्यामुळे पडद्यावरचं माणूस बोलत बोलत डावीकडून उजवीकडे गेलं तरी त्याच्या आवाजाचा पोत मध्येच बदलत नाही.

यात दोन अडथळे येतात. बुकशेल्फ जोडीने विकतात. पण वापरलेल्या मालात एखादा एकटा राहिलेला असतो, त्याचा जोडीदार पडून किंवा जळून गेलेला, आणि असा एकटा स्पीकर जोडीच्या निम्म्या किमतीपेक्षाही कमीत सुटतो. नाहीतर तीच मालिका वापरणारा मित्र गाठा आणि जोडी वाटून घ्या. दुसरा अडथळा उंचीचा. बुकशेल्फ ३० ते ४० सेंटिमीटर उंच असतो आणि टीव्ही भिंतीवर आधीच ठोकलेला असतो. जमत असेल तर टीव्ही सहा इंच वर घ्या, किंवा सुताराकडून युनिटचा मधला भाग तेवढा खाली करून घ्या. स्पीकर खाली गेला तर त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचं पाचर घालून तो कानांकडे कलता करा. हे काहीच शक्य नसेल तरी बुकशेल्फ आडवा मात्र टाकू नका, ट्वीटर आणि वूफर शेजारी आले की तोच प्रश्न थोड्या प्रमाणात परत येतो.

आडवा टू-वे घेऊच नये असं मी म्हणणार नाही. हॉल अरुंद असेल, सगळे जेमतेम दहा अंशांच्या आत बसत असतील, तर तो छान चालतो. अशा वेळी मोठ्या वूफरच्या मोहात पडू नका. चार इंची वूफर असलेल्या सेंटरमध्ये दोन केंद्रांतलं अंतर २२ सेंटिमीटरपर्यंत खाली येतं आणि १५ अंशांवरचा खड्डा तीन हजार हर्ट्‌झपर्यंत वर ढकलला जातो, तोवर आवाज ट्वीटरच्या ताब्यात गेलेला असतो. खर्जाची काळजी नको, रिसीव्हरमध्ये सेंटर 'स्मॉल' करून ८० हर्ट्‌झवर कापला की खालचं सगळं सबवूफर सांभाळतो. आणि तुम्ही बहुतेक एकटेच, बरोबर मध्ये बसून बघत असाल, तर पैसे साठेपर्यंत रिसीव्हरमध्ये सेंटर 'नाही' असं सांगून ठेवा. संवाद दोन्ही टॉवरमधून येतील आणि मध्ये बसणाऱ्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतील. बाजूला बसणाऱ्याला मात्र सगळे जवळच्या टॉवरमधून येताना ऐकू येतील.

ट्वीटरची जात जुळवा : रेशमी कापडाच्या घुमटाचा (डोमचा) ट्वीटर असलेल्या टॉवरशेजारी भोंग्याच्या (हॉर्नच्या) ट्वीटरचा सेंटर बसला की फरक लगेच कानाला टोचतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटला स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, जुळलीच पाहिजे असं नाही. टॉवर ९१ डेसिबलचे आणि सेंटर ८७ चा असला तर पातळी रिसीव्हरमध्ये सारखी करता येते, फक्त सेंटरला अडीचपट वॉट लागतात, आणि तीन मीटरवर बसणाऱ्या घरात ते सहसा परवडतं.

'ऑडिसी किंवा डिरॅक (रिसीव्हरमधली, खोलीनुसार आवाज सुधारणारी सॉफ्टवेअर) करेल की दुरुस्त' ही समजूत मात्र सोडून द्या. सॉफ्टवेअर स्पीकरकडे जाणारा सिग्नल बदलतं, आणि तो बदल सगळ्याच दिशांना जातो. एलवरचा हजार हर्ट्‌झचा खड्डा भरायला तिथला आवाज वाढवला, तर दोन्ही वूफर तेवढेच वाढतात आणि एकमेकांना तेवढेच खोडतात. मध्ये बसलेल्याला मात्र तो पट्टा कर्कश लागतो.

पैसे देण्याआधी दुकानात पाच मिनिटं मागून घ्या. दोन्ही टॉवर बंद, फक्त सेंटर चालू. आधी रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा आणि मधल्या खुर्चीपासून बाजूला हळूहळू चालत जा. तो खरखरणारा आवाज चालताना पोकळ होत गेला, नळीतून आल्यासारखा वाटला, तर तुम्ही खड्ड्यात शिरलात. मग मराठी बातम्या लावा, शक्यतो भरभर बोलणारा निवेदक, आणि घरी एलवर बसणारं माणूस ज्या कोनात असतं त्या कोनात उभे राहा. त्या माणसालाच बरोबर नेलंत तर आणखी चांगलं. शब्द कळतात का, हे त्यालाच सांगू द्या.